लोखंडी प्लेटला नेमकी भोकं पाडून घेताना: सोलापुरातल्या नवख्यांसाठी

मुलीला टेबलावरच्या छोट्या हातमागाचा नाद लागला आणि कांड्या भरायचं, म्हणजे नळ्यांवर सूत गुंडाळायचं, काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या आजीनं जन्मभर चरख्यावर कांड्या भरल्या. माझा खांदा अर्ध्या तासात भरून आला. म्हटलं, जुनी मोटर पडून आहे, दोन बेअरिंगं, एक शाफ्ट आणि खाली लोखंडी प्लेट, आठवड्याभरात यंत्र उभं करू. चार महिने लागले. मोटर, पट्टा, शाफ्ट यांनी कुठंच अडवलं नाही. अडवलं ते प्लेटच्या भोकांनी. पहिली प्लेट भंगारात गेली, दुसरी सध्या पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर वजन म्हणून बसलीय, तिसरी यंत्राखाली आहे.

तुमचं यंत्र वेगळं असेल. कुणाला चाकू-विळ्यांना धार लावायचा ग्राइंडर करायचा असेल, कुणाला शिलाई मशीनला मोटर बसवायची असेल, कुणाला लाकडाचा छोटा लेथ. प्लेट आणि भोकं सगळीकडं तीच. माझ्या तीन प्लेटांमधून जे शिकलो ते इथं क्रमानं मांडतोय.

1. आधी ठरवा: कुठलं भोक किती नेमकं हवंय

पहिल्यांदा मी वर्कशॉपात जाऊन म्हणालो, "सगळी भोकं एकदम परफेक्ट पाहिजेत." लेथ चालवणारे टर्नर अण्णा हसले. "सगळी परफेक्ट म्हणजे सगळ्यांचे पैसे परफेक्ट की ओ."

बरोबर होतं त्यांचं. एका प्लेटवर साधारण तीन जातींची भोकं असतात.

पहिली जात, बोल्ट नुसता आरपार जायचा आहे अशी. यांना मुद्दाम सैल ठेवायचं असतं. एम6 (म्हणजे 6 मिमी जाडीच्या) बोल्टला 6.6 मिमी, एम8 ला 9, एम10 ला 11, एम12 ला 13.5 मिमी, ही नेहमीची मापं. जरा चापून हवं असेल तर 6.4, 8.4, 10.5 आणि 13. एम8 बोल्ट 9 च्या भोकात अर्धा मिमी इकडं-तिकडं सरकू शकतो, म्हणजे भोकाची जागा थोडी चुकली तरी बोल्ट बसतो. हे काम साधा ड्रिलवालाही नीट करून देईल.

दुसरी जात आट्यांची. प्लेटमध्येच आटे पाडून बोल्ट आवळायचा असेल तर आधीचं भोक ठरलेल्या मापाचं लागतं: एम5 ला 4.2, एम6 ला 5, एम8 ला 6.8, एम10 ला 8.5, एम12 ला 10.2 मिमी. इथं भोक मोठं झालं की आटे उथळ पडतात आणि आवळताना सोलून निघतात. लहान झालं की टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, तुटतो, आणि तुटलेला टॅप प्लेटमधून काढणं हे प्लेट नव्यानं करण्यापेक्षा महाग पडतं.

तिसरी जात बेअरिंगची आणि डॉवेल पिनची (दोन भाग नेमके जुळवून धरणारी गोल खुंटी). खरा खर्च इथं आहे. माझं बेअरिंग 6202 होतं: आतून 15, बाहेरून 35, रुंदी 11 मिमी. त्याच्या घराला, म्हणजे ते ज्या भोकात बसतं त्याला, 35 एच7 हे माप देतात. म्हणजे भोक 35.000 पेक्षा लहान नको आणि 35.025 पेक्षा मोठं नको. मिलिमीटरचा चाळिसावा भाग. हे ड्रिलनं होत नाही, बोअर करावं लागतं, म्हणजे आतून थोडं थोडं कापत मापाला आणावं लागतं. 10 मिमीच्या डॉवेल पिनचं भोक आधी 9.8 नं ड्रिल करून मग रीमरनं, म्हणजे भोक आतून बारीक तासणाऱ्या हत्यारानं, 10 ला आणतात.

कागद घ्या आणि प्रत्येक भोकापुढं त्याची जात लिहा. माझ्या तीन प्लेटा मिळून एकूण सव्वीस भोकं होती. त्यांतली खरोखर नेमकी हवी अशी फक्त दोन निघाली.

आता एक आडवाट सांगतो, कारण ती मला कुणी सांगितली नाही. बेअरिंगसाठी प्लेटमध्ये घर करायलाच हवं असं नाही. ब्लॉकसकट तयार मिळणारं बेअरिंग घेतलं, उदाहरणार्थ यूसीपी 204, तर प्लेटला नुसती बोल्टची दोन सैल भोकं लागतात आणि आतलं बेअरिंग थोडं वळून स्वतःच सरळ बसतं. मोटरच्या भोकांचंही तसंच. चार गोल भोकांऐवजी चार लांबट खाचा ठेवल्या की जागा चुकायची भीती गेली, शिवाय पट्टा ताणायची सोय झाली. मी खाचा ठेवल्या, बेअरिंगचं मात्र घरच केलं. हौस.

2. कागदावर काढा, आणि मिलिमीटरमध्येच काढा

सोलापुरात सूत म्हटलं की चादर आणि टॉवेल डोळ्यापुढं येतात, पण फॅब्रिकेशनच्या दुकानात सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, 3.175 मिमी. प्लेट "तीन सुती", बोल्ट "चार सुती", भोकसुद्धा "चार सुती मारू का?" तीन सूत म्हणजे 9.5 मिमी, पण तोंडी व्यवहारात त्यालाच 10 म्हणतात. चार सूत म्हणजे 12.7, आणि एम12 चा बोल्ट 12 मिमी. खिडकीच्या ग्रिलला हा फरक कुणी विचारत नाही. आट्यांच्या भोकाला तो मारक आहे, कारण चार सुती बोल्टचे आटे वेगळे आणि एम12 चे वेगळे. दोन फेरे आत जातो आणि अडकतो, मग माणूस पान्याला पाइप लावून जोर करतो. माझी पहिली प्लेट अशीच गेली. मी तोंडी माप सांगितलं, त्यांनी त्यांच्या भाषेत ऐकलं. चूक अर्धी माझी होती.

चित्र हातानं काढलं तरी चालेल, पण तीन गोष्टी पाळा.

सगळी मापं एकाच कोपऱ्यापासून द्या. डावी कड आणि खालची कड या दोन "शून्य" कडा. पहिल्या भोकापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं अशी साखळी करू नका. प्रत्येक वेळी 0.3 मिमी चुकलं तर पाचव्या भोकापर्यंत दीड मिमीचा घोळ जमा होतो. आणि कारागीर साखळीनंच आखणार, कारण तुम्ही मापं तशी दिलीत.

दुसरं, प्रत्येक मापापुढं किती फरक चालेल ते लिहा. "80 ± 0.2" असं लिहिलं की बोलणं संपलं. सगळ्यांना एकच फरक लावायचा असेल तर कोपऱ्यात एक ओळ पुरते. जिथं लिहिलेलं नसतं, तिथं समोरचा आपल्या सोयीनं धरतो.

तिसरं, गोलात बसणारी भोकं असतील तर गोलाचा व्यास द्या आणि सोबत दोन शेजारच्या भोकांमधलं सरळ अंतरही लिहा. सहा भोकं असतील तर ते अंतर व्यासाच्या बरोबर निम्मं येतं; चार असतील तर व्यास गुणिले 0.707. आखणाऱ्याला कंपासानं पडताळता येतं आणि तुमचीही चूक सापडते.

लेझरवर कापून घ्यायचं असेल तर डीएक्सएफ फाइल (संगणकावर काढलेलं रेषाचित्र) लागते. ती काढायचं लिब्रेकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, एवढ्या कामाला पुरेसं आहे. फाइल 1:1 मापात, मिलिमीटरमध्ये ठेवा. रेषा सुट्या राहू देऊ नका आणि एकाच रेषेवर दुसरी रेषा पडलेली नाही ना ते बघा, नाहीतर लेझर तीच रेघ दोनदा कापतो. फाइलमध्ये 50 मिमीचा एक चौकोन कोपऱ्यात काढून ठेवायची माझी सवय आहे. उघडल्यावर तो 50 दिसला तर बाकीचं माप बरोबर. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. आणि फाइलबरोबर मापं लिहिलेला कागदही द्याच.

3. प्लेट आणताना

घरच्या कामाला साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट पुरते. दुकानात आयएस 2062 (भारतीय मानकाचा क्रमांक) म्हणून जी मिळते ती. वजन आधीच काढून ठेवा: लांबी, रुंदी, जाडी मिमीमध्ये गुणा, 7.85 नं गुणा आणि दहा लाखांनी भागा. माझी 300 × 200 × 10 ची प्लेट 4.71 किलो भरते. दुकानदार काट्यावर जे सांगेल ते यावरून ताडता येतं.

भंगारातली प्लेट स्वस्त पडते, मी पहिली तिथूनच आणली. दोन अडचणी येतात. ती बहुधा किंचित वाकलेली असते. काचेवर किंवा कडाप्प्यावर ठेवून चारही कोपरे दाबून बघा, डुगडुगली तर सोडा. आणि तिच्या कडा गॅसनं कापलेल्या असतात. गॅसची कड वेडीवाकडी असते, तिला शून्य धरून आखलेलं सगळंच वाकडं जातं. एक कड आणि तिला काटकोनातली दुसरी कड मशीनवर साफ करून घेतल्याशिवाय आखणी करू देऊ नका. लेझरनं कापलेली प्लेट घेतली तर हा खर्च वाचतो.

प्लेटची जाडीही बाजारात उणी-अधिक निघते. 10 ची प्लेट म्हणून गणित मांडू नका, व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची बारीक मापपट्टी) लावून जे येईल ते धरा.

4. कुठलं भोक कशानं पाडायचं

माझी दुसरी प्लेट या एका गोष्टीवर गेली, म्हणून इथं जरा सविस्तर.

गॅस कटिंग: ओबडधोबड कापायला. नेमक्या भोकाशी त्याचा संबंध नाही. प्लाझ्मा त्यापेक्षा बरा, पण भोक वर रुंद आणि खाली अरुंद होतं, आणि प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक तर त्याच्याकडं मागूच नये.

पिलर ड्रिल आणि रेडियल ड्रिल (खांबावर बसवलेली ड्रिल मशीनं): आखणी, सेंटर पंच (भोकाच्या मध्यावर टोकदार खूण) आणि मग ड्रिल. हात बसलेला फिटर असेल तर जागा 0.3 मिमीच्या आत येते, घाईत असेल तर अर्ध्याच्या पुढं जाते. ड्रिलचं भोक ड्रिलपेक्षा जरा मोठंच पडतं, हे धरून चाला. ड्रिलची दोन तोंडं सारखी घासलेली नसली तर आणखी मोठं. सैल बोल्टांना आणि आट्यांना हे पुरतं. फॅब्रिकेशनवाल्याकडं मॅग्नेट ड्रिल (चुंबकानं प्लेटला चिकटणारं) आणि कोअर कटर (भोकाची फक्त कड कापणारं पोकळ हत्यार) असेल तर 14 मिमीच्या वरची भोकं त्यावर साफ निघतात.

लेझर: जागेच्या बाबतीत याला तोड नाही. पन्नास भोकं असली तरी एकमेकांपासूनची अंतरं 0.1 मिमीच्या आसपास येतात. म्हणून मी दुसऱ्या प्लेटची सगळी भोकं, बेअरिंगचं घरसुद्धा, लेझरनं थेट मापात कापून घेतली. जागा झकास आल्या. पण जाड प्लेटमध्ये लेझरचं भोक आतून अगदी सरळ नसतं, वरच्या आणि खालच्या तोंडाच्या मापात फरक राहतो, आणि जिथून कापायला सुरुवात झाली तिथं बारीक पुटकुळी राहते. बेअरिंग एका बाजूनं आत जाईना, दुसऱ्या बाजूनं खडखडलं. शिवाय 10 मिमी प्लेटमध्ये 6.8 ची भोकं, म्हणजे जाडीहून लहान, ती तर तोंडाशी वितळल्यासारखी झाली होती. त्यांत आटे पाडायला घेतले तर टॅप कट्ट् करून मोडला. लेझरच्या कडेला उष्णतेनं लोखंड कडक होतं, हे मला तेव्हा कळलं.

मिलिंग किंवा व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन): टेबल आकड्यावर सरकतं, म्हणून आखणी न करताही जागा 0.02 ते 0.05 मिमीत येते. त्यावर बोअरिंग हेड लावून बेअरिंगचं घर करतात. लेथवरही फेसप्लेटला (फिरत्या तबकडीला) प्लेट बांधून बोअर करता येतं, आणि आपल्याकडं लेथवाले जास्त सापडतात. दर तासावर किंवा सेटिंगवर.

वायर कट: बारीक पितळी तारेतून ठिणग्या पाडून कापतात, 0.01–0.02 मिमीत काम येतं, कितीही कडक लोखंड चालतं. पण तार ओवायला आधी एक भोक लागतं, काम सावकाश चालतं आणि दर कापलेल्या क्षेत्रफळावर असतो. डाय करणाऱ्यांकडं हे मशीन असतं. घरच्या कामाला क्वचित लागतं.

तिसऱ्या प्लेटला मी कामाची वाटणी केली, आणि तुम्हीही तसंच करा. बाहेरचा आकार, लांबट खाचा आणि 9 ची सैल भोकं लेझरनं. 10 मिमी प्लेटमध्ये 9 ची भोकं सैल बोल्टांना चालून जातात. आट्यांच्या भोकांच्या जागी लेझरनं नुसती बारीक फुलीची खूण, भोक नाही. तिथं पंच मारून नंतर ड्रिल. खूण म्हणजे वरवर कोरलेली रेघ, लेझर आरपार टोचलेला नको. टोचलेल्या जागी कडक गाठ होते आणि ड्रिल घसरतं. बेअरिंगचं भोक लेझरनं 33 चं, म्हणजे 2 मिमी लहान, मग बोअर करून 35. कडक झालेला थर बोअरिंगमध्ये निघून जातो.

दोन बेअरिंग समोरासमोर असतील, एकाच शाफ्टसाठी, तर दोन्ही प्लेटा एकमेकींवर ठेवून, कोपऱ्यांत वेल्डिंगचे छोटे टाके मारून, एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्या. नंतर टाके घासून काढायचे. भोकांची जागा जरा चुकली तरी दोन्हीकडं सारखीच चुकते आणि शाफ्ट मोकळा फिरतो. हीच युक्ती सैल भोकांनाही चालते: दोन भाग शिकंज्यात एकत्र आवळून एकदमच ड्रिल मारा. नेमकेपणाचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही.

5. कुठं जायचं आणि काय बोलायचं

अक्कलकोट रोड एमआयडीसी, होटगी रोडचा औद्योगिक भाग आणि पुणे रस्त्यावरची चिंचोली एमआयडीसी या तीन ठिकाणी चौकशी करा. शहराच्या पूर्व भागात जिथं यंत्रमाग आहेत, तिथं मागांच्या सुट्या भागांची कामं करणारे लहान लेथवालेही असतात. तुटलेला शाफ्ट तासाभरात उभा करून देणारी ही माणसं. एकट्या-दुकट्या जॉबला तीच बरी. मोठ्या कारखान्यात एका प्लेटसाठी कुणी मशीन थांबवत नाही, आणि त्यांनी थांबवावं तरी का?

सकाळी मशीन सुरू व्हायच्या वेळी किंवा दुपारच्या जेवणानंतर जा. संध्याकाळी पाचनंतर गेलात तर "ठेवून जा" एवढंच ऐकाल. समोरची मंडळी घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारी असू शकतात. मराठी सगळ्यांना येतं, तरी मापाच्या गोष्टीत तोंडापेक्षा कागदावर भरवसा ठेवा.

लेझरवाल्याला हे विचारा: किमान बिल किती, दर कापायच्या लांबीवर की वेळेवर, प्रत्येक भोकाच्या टोचणीचे वेगळे पैसे का, प्लेट तुमची की माझी. तुमची प्लेट नेलीत आणि ती गंजलेली असली तर ते नकोच म्हणतात. लेथवाल्याला एकच विचारा: "35 चं बोअर कशानं मोजता?" बोअर गेज किंवा आतलं मायक्रोमीटर दाखवलं तर निश्चिंत व्हा. "बेअरिंग द्या, बसवूनच देतो" म्हणाले तरी चालेल. नुसतं व्हर्नियर दाखवलं तर मी तरी दुसरीकडं जाईन.

घाईचं काम असेल तर दिनदर्शिका बघा. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सवात आणि खंडेनवमी-दसऱ्याला कामगार मिळत नाहीत. खंडेनवमीला तर हत्यारांची पूजा असते, त्या दिवशी ड्रिलला हात लावा म्हणणं बरं दिसत नाही.

6. सोबत काय न्यायचं

- मापांच्या कागदाच्या दोन प्रती, एक त्यांना, एक तुमच्या खिशात
- डीएक्सएफ फाइल, फोनमध्ये आणि पेनड्राइव्हमध्येही
- प्रत्यक्ष बेअरिंग, पिन, बोल्ट आणि मोटर उचलण्यासारखी असेल तर मोटरही
- स्वतःचं व्हर्नियर, 0.02 मिमी मोजणारं साधं चालतं
- एक नवीन टॅप आणि एक नवीन ड्रिल, तुमच्या मापाचं
- पर्मनंट मार्कर, जुनं फडकं, थोडं तेल

टॅप-ड्रिल स्वतःचं नेल्यानं कुणी रागावत नाही, मी घाबरत होतो. उलट अण्णा खूश झाले, त्यांचा टॅप वाचला.

7. काम चालू असताना

आखणी झाली की ड्रिल मारायच्या आधी "एक मिनिट" म्हणा आणि स्वतः मोजा. प्लेटवर मार्किंग ब्लू किंवा मोरचुदाचं पाणी लावलेलं असेल तर रेघ स्पष्ट दिसते. खडूच्या रेघेची जाडीच अर्धा मिमी असते. पंचाची खूण दोन रेघांच्या फुलीवर बरोबर बसलीय का ते वाकून बघा. चुकीचा पंच दुरुस्त होतो. चुकीचं भोक सहज दुरुस्त होत नाही.

मोठं भोक एकदम मारू देऊ नका. आधी सेंटर ड्रिल, मग 4–5 चं, मग मापाचं. लोखंडाला 10 मिमी ड्रिलचा वेग मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आसपास हवा. ड्रिल निम्म्या मापाचं तर वेग दुप्पट. घरी हॅण्डड्रिलनं करणार असाल तरी हेच, आणि प्लेट शिकंज्यात आवळल्याशिवाय सुरू करू नका. ड्रिल आरपार निघताना अडकतं आणि प्लेट पंख्यासारखी फिरते. हातमोजे काढा, बाही वर सारा, चष्मा लावा. माझ्या डाव्या अंगठ्यावरचा वण हातमोजा घालूनच आलाय.

ऊन. हे पुस्तकात शोधून सापडलं नसतं, पण सोलापुरात एप्रिल-मेमध्ये याचा हिशेब ठेवा. लोखंड दर अंशाला मीटरमागं 12 मायक्रॉन वाढतं. प्लेट दुचाकीवर उन्हात तापवून आणलीत आणि वर्कशॉपातल्या सावलीपेक्षा ती 20 अंशांनी गरम असली, तर 300 मिमीमागं 0.07 मिमीचा फरक पडतो. सैल भोकांना काही नाही. पण बोअरिंग करताना प्लेट 30 अंशांनी तापली असेल तर 35 चं भोक 0.0126 मिमी मोठं दिसतं, म्हणजे तुम्ही मागितलेल्या सगळ्या फरकाच्या निम्मं. गरम प्लेटीत बेअरिंग हातानं गुळगुळीत बसलं म्हणून आनंदानं घरी आणाल आणि रात्री ते निघायचं नाव घेणार नाही. शेवटचा बारीक कट मारायच्या आधी चहा सांगा. चहा होईस्तोवर प्लेट निवते.

8. पैसे द्यायच्या आधी मोजा

व्हर्नियरचे जबडे मिटवून शून्य दिसतंय का ते आधी बघा. लहान भोक आतल्या जबड्यांनी मोजलं की जबड्यांच्या चपट्या कडांमुळं माप थोडं कमी दिसतं, तेव्हा लहान भोकाला पिन लावून बघणं बरं. ड्रिलचा मागचा दांडा पिन म्हणून वापरू नका, तो ड्रिलच्या मापाचा असतोच असं नाही.

दोन भोकांमधलं अंतर मोजायला दोन्हींत चापून बसणाऱ्या सारख्या पिना घाला, बाहेरून बाहेरचं माप घ्या आणि त्यातून एका पिनेचा व्यास वजा करा. 8 च्या पिना आणि बाहेरून 88.10 आलं, तर मध्यापासून मध्याचं अंतर 80.10. चौकोनात चार भोकं असतील तर दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे नसतील तर चौकोन कललाय, बाजू कितीही बरोबर असू देत.

आट्यांत बोल्ट हातानं शेवटपर्यंत फिरवून बघा. प्लेटीवर उभा केलेला बोल्ट गुण्या लावून तपासा, टॅप तिरका गेला असेल तर तिथंच कळतं. बेअरिंग तिथंच बसवून घ्या. ठोकायचंच झालं तर बाहेरच्या कड्यावर, आतल्यावर नाही, नाहीतर नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरायला लागतं.

एखादं भोक चुकलं असेल तर भांडण्याआधी कागद काढा. कागदावर होतं ते केलं नसेल तर चांगला कारागीर स्वतःच दुसरी प्लेट करून देतो. कागदावर नव्हतंच, तर पैसे द्या आणि या. चुकलेलं बोअर बुश (जाड कड्यासारखी नळी) घालून वाचवता येतं: भोक मोठं करायचं, जाड बुश दाबून बसवायचा आणि त्यात पुन्हा 35 करायचं. विचारून बघा, बऱ्याचदा नव्या प्लेटपेक्षा स्वस्त पडतं.

9. घरी आणल्यावर

वेल्डिंग राहिलं असेल तर थांबा. वेल्डिंगनं प्लेट ओढली जाते आणि तुम्ही जपलेली सगळी मापं हलतात. आधी वेल्डिंग, मग नेमकी भोकं, हाच क्रम. उलटा झाला असेल तर निदान बेअरिंगचं बोअर तरी शेवटी पुन्हा तपासून घ्या.

पावडर कोटिंग करणार असाल तर बेअरिंगच्या घराला आणि आट्यांना टेप लावून द्या, आणि हे कोटिंगवाल्याला तोंडानं सांगून भागत नाही, टेप तुम्हीच लावा. कोटिंगचा थर एका बाजूला 0.06 ते 0.1 मिमी असतो. भोकात तो दोन्ही बाजूंनी चढतो. नुसता रंग असला तरी घराला रंग नको, ग्रीसचं बोट फिरवा.

भोकांच्या कडांची धार मोठ्या ड्रिलनं हातानं फिरवून मोडा. लेझरच्या कडेला खालून जो कचरा चिकटलेला असतो तो कानसीनं काढा, नाहीतर प्लेट टेबलावर सपाट बसत नाही. आणि तेलाचं फडकं फिरवल्याशिवाय प्लेट ठेवू नका. मी तिसरी प्लेट कौतुकानं मोरीशेजारी ठेवली होती, सकाळी 35 च्या त्या चकचकीत बोअरमध्ये तांबूस चंद्रकोर उमटली होती.